सुईण, सूलगित्ती, मंत्रसानी, दाई: सोलापुरात आपल्याला पहिल्यांदा हातात कोणी घेतलं?

तुळजापूर_वेस (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. यंदा महिला दिनाला मुलीने शाळेत डॉ. आनंदीबाई जोशींवर भाषण केलं. घरी आल्यावर आत्यापुढे पुन्हा म्हणून दाखवलं. आत्याने सगळं ऐकून घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "का गं, आनंदीबाईंच्या आधी बायका बाळंतच होत नव्हत्या का?"

तेव्हापासून हा प्रश्न मनातून जात नाही.

माझी आजी, म्हणजे आत्याची आई, सुईण होती. आम्ही मातंग. आजोबा जुन्या गिरणीत कामाला होते, आणि आजीला वेशीच्या आत-बाहेर जिथून बोलावणं येईल तिथे जावं लागे. रात्री दार वाजलं की आजोबा विचारायचे "कुणाकडून?" आणि आजी विचारायची "कितवी खेप?" पहिलटकरीण असेल तर ती चहा पिऊन, पान लावून सावकाश निघायची. चौथी-पाचवी खेप म्हटलं की चप्पलसुद्धा शोधत बसायची नाही. या एका प्रश्नात किती ज्ञान होतं, ते माझ्या स्वतःच्या दोन बाळंतपणांनंतर मला कळलं.

मला आठवते ती म्हातारी झालेली आजी. बारीक अंगाची, डाव्या हातावर कोपराखाली गोंदलेलं मोठं तुळशीवृंदावन. दाईंच्या सरकारी प्रशिक्षणात तिला युनिसेफची ॲल्युमिनियमची पेटी मिळाली होती. त्यात कात्री, पातं, दोरा, साबण असायचा. ती पेटी आता आत्याकडे आहे आणि तिच्यात बटणं ठेवलेली असतात. किती बाळंतपणं केली याचा हिशेब आजीने ठेवला नाही, कारण तिला लिहिता येत नव्हतं. दुसऱ्या कोणी ठेवायचा तर ते कोणाला सुचलं नाही.

इथे बहुतेक जण सोलापूर आणि आसपासचे आहेत. तुमच्या घरची बाळंतपणं कोण करायचं? तिला काय म्हणायचे? आणि स्त्री-वैद्यकाच्या इतिहासात या बायकांची जागा कुठे, यावरही बोलू या.

हुरडा

सुंदर धागा, ताई. माझा मोठा भाऊ घरीच जन्मला. आईला विचारून सविस्तर लिहिते.

कंबर_तलाव

आत्यांच्या प्रश्नाला दंडवत. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. माहिती आहे ते मांडतो, लांबेल थोडं.

'पहिली' हा शब्दच घोळाचा आहे. प्राचीन इजिप्तमध्ये पेसेशेत नावाची बाई होती. तिची पदवी थडग्यातल्या शिलेवर कोरलेली आहे, 'वैद्य स्त्रियांची प्रमुख'. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी देखरेख लागावी इतक्या वैद्य स्त्रिया तिथे होत्या. इटलीत सालेर्नोला बाराव्या शतकात ट्रोटा नावाची वैद्य होऊन गेली. स्त्रीरोगांवरच्या लॅटिन ग्रंथांचा एक संग्रह तिच्या नावावर युरोपभर वापरात होता. सोळाव्या शतकात एका संपादकाने तो संग्रह छापताना लेखक म्हणून चक्क एका रोमन पुरुषाचं नाव घातलं. बाईने असं लिहिलेलं असणं त्याला पटलं नसावं.

म्हणजे मधल्या काळात बायका वैद्यकी करत नव्हत्या असं नाही. विद्यापीठं आली, परवाना आला, आणि परवाना देणाऱ्या विद्यापीठांचं दार बायकांना बंद होतं. एलिझाबेथ ब्लॅकवेल १८४९ साली अमेरिकेत पदवीधर झाली ती 'पहिली' ठरते ती अशी. बंद केलेलं दार तिने पुन्हा ढकललं.

आता आपल्याकडे येऊ. १८६९ मध्ये एडिंबराला सात मुलींनी वैद्यकीय शिक्षणासाठी नाव घातलं. त्यातल्या एडिथ पेची यांना रसायनशास्त्रात इतके गुण पडले की शिष्यवृत्ती त्यांचीच होती, पण बाई म्हणून ती नाकारली. पुढच्या वर्षी या मुली परीक्षेला निघाल्या तर जमावाने त्यांच्यावर चिखल फेकला. ही तीच एडिथ पेची, जी १८८३ च्या अखेरीस मुंबईत आली आणि पुढे कामा हॉस्पिटल सांभाळू लागली. रखमाबाईंना लंडनला पाठवण्यात तिचा मोठा हात होता.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालेलं. नवऱ्याने नांदायला यावं म्हणून दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग असं सांगितलं तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करते म्हणून सांगितलं. १८९४ ला डॉक्टर होऊन त्या परतल्या आणि सुरतेला व मग राजकोटला आयुष्यभर बायकांवर उपचार केले. आनंदीबाई १८८६ ला फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूकही झाली, पण फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने गेल्या. बावीस पूर्ण नव्हती. शाळेत आनंदीबाई पाठ होतात. रखमाबाईंनी तीन दशकांहून जास्त काळ रोगी तपासले, त्यांचं नाव निम्म्या मुलांना माहीत नसतं. मला याचं फार वाईट वाटतं.

आपल्या डफरीन चौकातून रोज जातो आपण. ते नाव लेडी डफरिन यांच्या निधीवरून. आधी १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे सांगितलं की पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा बायका मरण पत्करतात, म्हणून बायकांना डॉक्टर करा. अशा मागण्या व्हिक्टोरिया राणीपर्यंत गेल्या आणि १८८५ मध्ये हा निधी उभा राहिला. स्त्री डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी तयार करायच्या आणि बायकांसाठी दवाखाने काढायचे, ही त्याची कामं. महापालिकेच्या डफरीन प्रसूतिगृहात जन्मलेले या धाग्यावर किती निघतील!

मंद्रूप

मी एक! डफरीनमध्ये जन्म. नाव कशावरून ते आज कळलं, सर.

बाकी, युरोपात सुईणींनाच चेटकीण ठरवून जाळलं असं वाचलंय. लाखो बायका. डॉक्टर लोकांना धंदा मिळावा म्हणून.

कंबर_तलाव

@मंद्रूप, तो समज पन्नासेक वर्षांपूर्वी फार पसरला. साधारण १४५० ते १७५० या काळात चेटकाच्या आरोपाखाली मारलेल्यांचा आजचा अंदाज चाळीस ते साठ हजारांचा आहे आणि त्यात बहुसंख्य बायका होत्या. पण सुईणी त्यात विशेष जास्त होत्या असं कागदपत्रांत दिसत नाही. उलट कोर्टाने बायकांची अंगतपासणी करायला सुईणींनाच बोलावल्याची उदाहरणं आहेत. अन्याय मोठा होताच. तो वाढवून सांगायची गरज नाही.

ओपीडी_नंतर

धागा दोन दिवस वाचतेय. मी स्त्रीरोगतज्ज्ञ, सोलापूरच्याच वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. लिहू की नको असं झालं होतं, पण राहवत नाही.

आजीबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते. सिव्हिलला निवासी डॉक्टर असताना गावाकडून शेवटच्या घटकेला आणलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आडवं मूल, बाहेर आलेला काळानिळा हात, पोटावर दाब देऊन फाटलेली पिशवी. नाळेला शेण लावलेली, आठव्या दिवशी धनुर्वाताने ताठ झालेली बाळं आमच्या सरांनी वॉर्डच्या वॉर्ड पाहिली होती. भारत माता-नवजात धनुर्वातातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं २०१५ ला, म्हणजे अगदी काल. ते लशीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणांमुळे झालं. चीक पिळून टाकायला सांगणाऱ्याही सुईणीच. 'पूर्वी सगळं नैसर्गिक होतं' असं कोणी म्हटलं की मला त्या बायकांचे चेहरे दिसतात.

या इतिहासाला जागा हवी. पण पूर्ण इतिहासाला.

तुळजापूर_वेस

डॉक्टरताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. आजीच्या हातून सगळं चांगलंच झालं असं मी म्हणणार नाही. आत्या सांगते, आजीच्या हातून एक बाई गेली. वार पडली नाही, रक्त थांबलं नाही, बैलगाडी जुंपेपर्यंत संपलं. त्यानंतर आजी कितीतरी दिवस जेवणाच्या ताटावरून उठून जायची. प्रशिक्षणाला ती स्वतःहून गेली, ती या बाईसाठी. तिथे शिकलेली पाच स्वच्छता म्हातारपणीही तिला पाठ होती: हात, जागा, पातं, दोरा, नाळ. नाळेला काहीही लावायचं नाही, राखसुद्धा नाही, हे ती नातसुनांना दरडावून सांगायची.

एक विचारायचं होतं. वार पडेपर्यंत आजी नाळ कापायची नाही. मूल रडलं नाही तर वार गरम पाण्यात धरायची आणि नाळ बाळाकडे निपटत आणायची. याला काही अर्थ होता का?

ओपीडी_नंतर

हो, यातल्या एका गोष्टीला नक्की होता. आम्हाला शिकवलं होतं की बाळ बाहेर आलं की लगेच चिमटा लावा आणि कापा. आता जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, निदान एक मिनिट थांबा. तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पुढे काही महिने लोह पुरतं. तुमच्या आजी थांबत होत्या आणि आम्ही घाई करत होतो. हे मान्य करायला मला अजिबात जड जात नाही.

वार गरम करण्याचं मात्र तसं सांगता येणार नाही. न रडणाऱ्या बाळाला हवा द्यावी लागते, पहिल्या मिनिटात, तोंडाला मास्क लावून. वार गरम करण्यात ते मिनिट जातं. गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना ही हवा द्यायला आणि जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले तेव्हा नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त उतरले होते. हात त्याच बायकांचे होते, त्या हातात योग्य वस्तू आली.

कंबर_तलाव

डॉक्टरताई, तुमच्या या तराजूत एक वजन माझंही. १८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या जवळपास दहा बाळंतिणी तापाने मरायच्या, सुईणींच्या विभागात चारच्या आसपास. सुईणींकडे पाठवा म्हणून बायका पाया पडायच्या. सेमेलवाइस या डॉक्टरने शोधलं की विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणीला तपासतात. १८४७ मध्ये त्याने चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. सहकाऱ्यांना मात्र ते कित्येक वर्षं पटलं नाही.

वाड्यातली_सून

मला लिहायला धीर करावा लागला.

माझं सासर पंढरपूरजवळच्या गावात, जुना वाडा. सासूबाईंची पाचही बाळंतपणं मांगवाड्यातल्या सुईणीने केली. ती मागच्या दाराने यायची. बाळंतिणीच्या खोलीत दहा दिवस तिचाच वावर. अंगाला तेल, शेक, धुरी, बाळाला न्हाऊ घालणं सगळं तिच्या हातचं, कारण सुवेरात घरातलं कोणी शिवत नसे. अकराव्या दिवशी सुवेर फिटलं की तीच बाई पुन्हा उंबऱ्याबाहेर. नाळ कापणारा हात, आणि त्या हाताने पाणी घेतलं तर विटाळ. मोबदला म्हणून जुनं लुगडं, नारळ, सुपात जोंधळे. ते सूपसुद्धा वरून ओतायचे.

सासूबाई हे सांगताना शेवटी रडायच्या. म्हणायच्या, "पाच वेळा तिनं मला मरणातून काढलं, तिला मी एकदा घरात बसवून जेवू घातलं नाही."

तुळजापूर_वेस

वहिनी, वाचून दोनदा फोन खाली ठेवला. लिहिल्याबद्दल तुमचे आभार मानते.

मुक्ताबाईची आठवण झाली. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांग मुलगी. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला. त्यात ती लिहिते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-पावसाने त्यांना किती यातना होत असतील, आणि बाळंतरोग झाला तर औषधाला पैसा कुठून येणार. साऱ्या गावाची बाळंतपणं ज्यांनी सुखरूप केली, त्यांची स्वतःची अशी व्हायची. आजीच्या सात मुलांतली तीन जगली. तिची बाळंतपणं कोणी केली, हे मी तिला कधी विचारलं नाही.

दाजीपेठ

आम्ही तेलुगू, पूर्व भागातले. तेलुगूत सुईणीला मंत्रसानी म्हणतात. आमच्या गल्लीतली मंत्रसानी दिवसभर दारात बसून विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं-तंबाखू. बोलावणं आलं की सूप शेजारणीकडे द्यायची, आणि शेजारीण तिच्या वाटच्या विड्या वळून ठेवायची. मजुरी बुडू नये म्हणून. मला ही शेजारीणसुद्धा त्या बाळंतपणात सामील वाटते.

बाळीवेस

आमच्याकडे कन्नड. सूलगित्ती. 'सूलु' म्हणजे खेप, बाळंतपण. आम्ही तिला नुसतं अव्वा म्हणायचो.

कर्नाटकात पावगड भागातल्या सूलगित्ती नरसम्मांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पंधरा हजारांच्या आसपास बाळंतपणं, एकही पैसा न घेता. त्यांच्या नावातच सूलगित्ती आहे, आपण 'डॉक्टर' लावतो तसं. त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या.

शेळगी

मी आयुर्वेदाचा विद्यार्थी. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात सूतिकागाराचं वर्णन आहे. तिथे कोणत्या बायका असाव्यात ते सांगितलंय: पुष्कळ वेळा बाळंत झालेल्या, जीव लावणाऱ्या, प्रसंग ओळखून वागण्यात कुशल, न खचणाऱ्या, 'क्लेशसहिष्णु'. परीक्षेसाठी हे पाठ केलं होतं. धागा वाचून पुन्हा काढून पाहिलं. तिने काय करायचं, बाळंतिणीला काय सांगायचं ते त्या भागात बारकाईने दिलंय. वैद्याला हे कुठून कळलं असेल? खोलीत तर त्या होत्या.

करमाळा

आमच्या तालुक्याच्या पलीकडे जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. शिकलेल्या नर्स खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या, बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायचं आणि गावात जाऊन करायचं. माझी मावशी त्यांतली एक. ती सांगते, सुरुवातीला वरच्या आळीत कोणी दारात उभं करत नव्हतं. मग एका घरात अतिसाराने बाळ सुकलं, मावशीने मीठ-साखरेचं पाणी चमच्याने रात्रभर पाजलं. सकाळी त्याच घरातून चहा आला, कपात. कप कुठला ते विचारू नका, पण घरात बसून दिला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे मिळाला. पुढे २००५ पासून गावोगावी आशा ताई आल्या, त्यांच्याआधीची वाट या बायकांनी पाडलेली आहे.

भैय्या_चौक

थोडं अवांतर. डॉ. कोटणीस आपल्या सोलापूरचे हे सगळ्यांना माहीत. त्यांच्या पत्नी गुओ चिंगलान परिचारिका होत्या, युद्धाच्या धुमाळीत नर्सिंग शिकवत होत्या. डॉक्टर १९४२ ला गेले तेव्हा मुलगा चार महिन्यांचाही नव्हता. त्या २०१२ पर्यंत जगल्या. आपण बोलताना 'कोटणीसांची बायको' एवढंच म्हणतो.

ओपीडी_नंतर

@शेळगी, "खोलीत तर त्या होत्या" हे वाक्य आज दिवसभर माझ्याबरोबर होतं.

मी निवासी डॉक्टर असताना प्रसूतिकक्षात एक मावशी होत्या. पगारपत्रकात त्यांचा हुद्दा सफाईचा. रात्री तीन वाजता मी घड्याळ धरून कळा मोजत होते. त्यांनी माझा हात धरून बाळंतिणीच्या पोटावर ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, घड्याळ ठेवा. पोट कडक होतंय ते तळहाताला कळू द्या, तिला कळायच्या आधी कळतं." तसंच आहे. मी आज माझ्या विद्यार्थिनींना तेच शिकवते. मावशींची आई उत्तर सोलापुरातल्या एका गावात सुईण होती. हे मला तेव्हा माहीत होतं आणि मी पहिल्या प्रतिसादात लिहिलं नाही. आता लिहिते.

तुळजापूर_वेस

ताई, मी तुमचा प्रतिसाद आत्याला वाचून दाखवला. तिने स्वतःचा तळहात उलटासुलटा करून पाहिला.

एक सुचवते. जन्माची नोंद करताना अर्जात बाळंतपण कोणी केलं याला रकाना असतो: दवाखाना, डॉक्टर-नर्स, पारंपरिक दाई, नातेवाईक. नाव लिहायला जागा नाही. आपण इथे लिहू या. कुठे, कधी, कोण जन्मलं, सुईणीबद्दल काय आठवतं. नाव इथे नको, घरी वहीत लिहून ठेवा.

दाजीपेठ

दाजी पेठ, १९७१. मी. मंत्रसानी, विड्या वळणारी. बाळाला पहिलं पाणी घालताना तेलुगूत गाणं म्हणायची.

बाळीवेस

बाळीवेस, १९६१. थोरली बहीण. अव्वा. कपाळाला विभूती, तंबाखू खायची.

विजापूर_वेस

विजापूर वेस, १९५८. माझे अब्बा. दाईमाँ. ईदला तिच्या घरी शीरखुर्मा आधी जायचा, मग पाहुण्यांना.

वाड्यातली_सून

पंढरपूर तालुका, १९५२ ते १९६६. पाच जण. नाव सासूबाईंना माहीत होतं. लिहून ठेवलं आहे. तिच्या नातवाचा पत्ता शोधतेय.

हुरडा

आईला विचारलं. तुळजापूर वेशीबाहेर, १९६४, मोठा भाऊ. मध्यरात्री आली, अनवाणी. आईची ती चौथी खेप होती. बारीक अंगाची, फार बोलायची नाही. आधीची तीन गेली होती म्हणून आई घाबरलेली, तर तिने रात्रभर आईचा हात सोडला नाही.

तुळजापूर_वेस

हुरडा ताई, आत्या म्हणते त्या भागात तेव्हा दोनच सुईणी होत्या, आणि दुसरी जाडजूड होती.

आईंना एवढं विचाराल का, हात धरला होता त्या डाव्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं का?